डावं बोट, उजवं बोट

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटले की कल्पना जास्त चांगली होते, पण मग पुढचं वाचणार कोण? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच करा. तुम्ही एका संगणकासमोर बसला आहात. डावं बोट एका बटणावर, उजवं बोट दुसऱ्या बटणावर. पडद्यावर एका माणसाचा चेहरा येतो. उजळ रंगाचा असेल तर डावं बटण दाबायचं, गडद रंगाचा असेल तर उजवं. मधूनच शब्द येतात. 'आनंद' आला तर डावं, 'भांडण' आलं तर उजवं. जमलं? शाबास! आता थोडं उलटं करा. चेहरे आपापल्या जागी ठेवा, पण 'आनंद' उजवीकडे आणि 'भांडण' डावीकडे. आणि हे सगळं भराभर. थांबलात की यंत्र ते टिपून ठेवतं, चुकलात की लाल फुली मारतं.

मी जन्मभर मुलांना सांगत आले, आधी विचार करा, मग उत्तर द्या. आणि म्हातारपणी माझीच अशी परीक्षा झाली की जिच्यात विचार करणं हाच गुन्हा होता.

शाळेत मुलं मला बाई म्हणायची. घरी नात आजी म्हणते. आता मी संध्याकाळी घराजवळच्या वाचनालयात मुलांकडून पुस्तकं वाचून घेते, तिथल्या मुलांनी वाद नको म्हणून दोन्ही जोडून माझं 'बाईआजी' करून टाकलंय. सतरंजीवर मुलं, खुर्चीवर मी, शेजारी एक लाकडी स्टूल आणि हातात पेन्सिल. पेन्सिल लिहायची नाही. कुणी वाचताना चुकलं की मी ती स्टुलावर एकदा आपटते. टक. रागावणं नाही, शब्द सांगणं नाही. टक म्हणजे मागे जा आणि पुन्हा बघ. बाकीचं मूल आपलं आपण शोधतं. या एका टकवर मी कितीतरी मुलं वाचती केली, हे मी कुणी न विचारताही सांगत असते.

माझ्या सतरंजीवर एक मुलगी नवीन आली होती. तिचं कुटुंब फार लांबच्या देशातून आलेलं. तिची आई शहराची बस चालवते. आपली भाषा ही मुलगी इथे येऊन शिकली, आणि शिकली तीही अशी की कुणी काहीही सांगितलं तरी शेवटी विचारायची, "मग?" अस्वल घरी गेलं. मग? झोपलं. मग? म्हणून माझ्या नातीने, म्हणजे भिंगरीने, तिचं नाव मगू ठेवलं. मगूला ते इतकं आवडलं की तिने दप्तरावर लिहून टाकलं.

मगूचा रंग सतरंजीवरच्या सगळ्या मुलांपेक्षा गडद होता. हे मी आत्ता सांगतेय, कारण तोपर्यंत मी ते मनातल्या मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. निदान असं मला वाटत होतं.

वाचनदिन जवळ आला होता. त्या दिवशी आईवडील येतात आणि प्रत्येक मूल उभं राहून अस्वलाच्या गोष्टीतलं एक पान वाचतं. मगूच्या वाट्याला अस्वल नदीवर जातं ते पान आलं होतं. तिला सगळे शब्द यायचे. अडचण एकच होती, तिचं बोट मधली एखादी ओळ टाकून खालच्या ओळीवर उडी मारायचं. ते दुरुस्त करायचं आमचं दोघींचं ठरलं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी ग्रंथपालबाई माझ्याकडे आली. तशी ती मुलगीच आहे, पण हुद्द्याला मान द्यावा लागतो.

"बाईआजी, मुख्य कार्यालयाचा आदेश आलाय. मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनी एक ऑनलाइन चाचणी द्यायची. वाचनदिनाच्या आत."

"कसली चाचणी?"

"आपल्या मनात नकळत रंगावरून, वंशावरून आवडनिवड असते ना, ती किती आहे ते बघतात."

"माझ्या मनात?"

"सगळ्यांच्याच असते हो, बाईआजी."

"सगळ्यांच्या असेल. माझ्या कशी असेल?"

तिने संकेतस्थळाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. शहाणी मुलगी आहे.

त्या संकेतस्थळाच्या आत शिरणं हीच एक वेगळी परीक्षा होती. भिंगरी माझ्या शेजारी बसून मार्गदर्शन करत होती. आधी त्याने विचारलं, तुम्ही यंत्रमानव नाही ना? हे पटवून देण्यासाठी मला चित्रांतले सायकलवाले ओळखायला लावले. एका चित्रात सायकलचं नुसतं चाक होतं. ते धरायचं की सोडायचं यावर आमचा वाद झाला, आणि यंत्राने मला यंत्र ठरवलं. पुन्हा सुरुवात केली. मग जन्मसाल विचारलं. यादी वरून खाली सरकवायची होती. माझं साल इतकं तळाशी होतं की तिथवर पोचेपर्यंत पडद्यावर आलं, 'तुमचा वेळ संपला आहे.' या वयात असं वाक्य इतक्या उघडपणे कुणी तोंडावर म्हणू नये.

दरम्यान ही बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यातच थांबून म्हणाले, "बाई, असल्या चाचण्या म्हणजे थोतांड. माझंच बघा. मला माणसाचा रंग दिसतच नाही. समोर कोणीही येवो, मला दिसतात त्या फक्त दातांच्या दोन ओळी."

समोरच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "रोज बदाम खा. बोटं चपळ होतात."

"अहो वहिनी, बोटांचा प्रश्न नाही, मनाचा आहे."

"मग बदामच. ते मनालाही चालतात."

अखेर वाचनालयातल्या संगणकावर मी ती चाचणी दिली. पहिला भाग सोपा गेला. दुसऱ्या भागात जागा उलट झाल्या, आणि माझी बोटं चिखलात रुतल्यासारखी झाली. गडद चेहरा आणि 'आनंद' हे दोन्ही एकाच बटणावर होते. मला माहीत होतं की उजवं दाबायचंय. उजव्या बोटालाही ते माहीत होतं. तरी ते दाबायच्या आधी डावं बोट थरथरायचं. शेवटी निकाल आला, 'उजळ चेहऱ्यांकडे मध्यम प्रमाणात नकळत कल.'

मध्यम! आता खरं सांगायचं तर मला आधी दुःख कशाचं झालं, कल असल्याचं की 'मध्यम' शेऱ्याचं, हे ठरवता आलं नाही. मला आयुष्यात कुणी मध्यम म्हटलेलं नव्हतं. घाईघाईत पान बंद करायला गेले तर छापायचं बटण दाबलं गेलं, आणि बाहेर दारापाशी ठेवलेला छापयंत्राचा डबा खडखडू लागला. तिथे डॉक्टर पुस्तक परत करायला उभे होते.

"मध्यम कल," ते मोठ्याने वाचू लागले. "कुणाचं आहे हे?"

वाचनालयात शांतता पाळावी, अशी पाटी भिंतीवर आहे. मी ती पाळली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना तीच चाचणी द्यायला बसवलं. हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. भिंग डोळ्याला लावून एकेक चेहरा बघत, एकेक शब्द पुटपुटत, ह्यांनी ती चाचणी जेवणाची वेळ टळेपर्यंत दिली. निकाल आला, 'कोणताही कल आढळला नाही.'

"हे कसं काय?" मी विचारलं.

"मला सगळ्यालाच सारखा वेळ लागतो," हे म्हणाले आणि शांतपणे जेवायला बसले. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं? पण मी शिक्षिका आहे. माझ्या लेखी जिथे निकाल लागतो ती परीक्षा, आणि परीक्षेत कमी पडलं की दोनच गोष्टी असतात, भीती आणि सराव. मी दोन्ही सुरू केल्या.

भीती आधी सांगते. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर मगू उभी राहिली आणि वाचू लागली. अस्वल काठावर आलं, त्याने पंजा पुढे केला, आणि तिचं बोट ओळ टाकून खाली उतरलं. त्यामुळे अस्वल पाण्यात पडायच्या आधीच अंग झटकून उन्हात वाळत बसलं. माझा पेन्सिलीचा हात वर गेला. आणि तिथेच अडकला. ही चूक म्हणून टक करतेयस, की मगू म्हणून? असा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदाच आला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि टाळी वाजवली.

"वा! छान!"

एक मुलगा खुदकन हसला. "बाईआजी, ते ओलं तर झालंच नाही!"

"छान वाचलं," मी पुन्हा म्हणाले, जरा जास्तच जोरात.

मगूने पुस्तकावरून माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिलीकडे पाहिलं. 'मग?' असं काही ती म्हणाली नाही. खाली बसली. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा वाचायची, तेव्हा तेव्हा मी वा म्हणायचे. बाकीच्यांसाठी टक चालूच होतं. भिंगरीला तर मी दुप्पट करत होते, कारण नात आहे म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको.

आता सराव. सरावाला चेहरे हवेत. मासिकांतले चेहरे सगळे एकसारखे गुळगुळीत. तेवढ्यात मला इमारतीच्या संमेलनाचा फोटो आठवला. त्याची मोठी प्रत आमच्याकडेच होती. मी कात्री घेतली आणि शेजाऱ्यांचे चेहरे एकेक करून सुटे केले. प्रत्येक चेहरा पुठ्ठ्यावर चिकटवला. शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. जेवणाच्या टेबलावर दोन ढीग लावायचे, पटापट पत्ते टाकायचे, भिंगरी घड्याळ धरणार. अवघड भागाचा सराव जास्त हवा, म्हणून उजळ चेहरे आणि वाईट शब्द डावीकडे, गडद चेहरे आणि चांगले शब्द उजवीकडे.

इथे एक पेच पडला. आमच्या इमारतीत कुणी तसं कागदासारखं उजळ नाही आणि कुणी रात्रीसारखं गडद नाही. सगळे मधलेच. कुणाला कुठे टाकायचं? मग मी दोघा-दोघांचे पत्ते शेजारी धरून ठरवत गेले. असं काम करताना दाराला कडी लावायची असते, हे मला सुचलं नाही.

डॉक्टर शिडी मागायला आले. त्यांच्या मागून वहिनी आल्या, शिडी कशाला हवी ते बघायला. दोघांनी टेबलाकडे पाहिलं.

"हा मी," डॉक्टर म्हणाले.

"हो. म्हणजे, सरावासाठी," मी म्हणाले.

"उजवा ढीग कसला?"

"गडद," भिंगरी घड्याळावरची नजर न काढता म्हणाली.

"मी गडद? मी?"

"अहो डॉक्टर, पण बघा तरी, तुमच्याबरोबर 'मध' आहे, 'हसू' आहे, 'मित्र' आहे."

"मध गेला खड्ड्यात! बाई, तो फोटो सावलीत काढलाय. मी लहानपणी चांगला गोरा होतो. वर घरी माझी आई आहे, तिला विचारा."

"डॉक्टर," हे कोपऱ्यातून घड्याळातली चकती पुसत म्हणाले, "तुम्हाला रंग दिसत नाही ना?"

डॉक्टरांनी आपला पत्ता उचलून उजेडात धरला. वहिनींनी तोवर आपला चेहरा शोधून काढला होता. तो डाव्या ढिगात होता, 'विष' आणि 'कुजकं' यांच्या मधोमध.

"पण उजळात धरलंय ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. तशा त्या समाधानाने खुर्चीवर टेकल्या, आणि थोड्या वेळाने आपणच लाजल्या. मुलांनो, त्या क्षणी मला वाटलं, ही चाचणी देण्यासाठी संगणकाची तरी काय गरज आहे? जेवणाचं टेबल पुरतं.

तेवढ्यात मगू आली. ती आणि भिंगरी संध्याकाळी खाली खेळतात, तिला बोलवायला आली होती. पत्ते बघून तिचे डोळे चमकले. "कसला खेळ?" म्हणत तिने डावा ढीग पूर्ण चाळला. मग उजवा चाळला. मग टेबलाखाली वाकून पाहिलं.

"माझा फोटो कुठंय?"

तिने दोन्ही ढीग पुन्हा एकदा चाळले.

"मी होते ना त्या फोटोत. भिंगरीने बोलावलं होतं मला. पुढच्या रांगेत. माझा दात पडला होता तेव्हा."

"आजीच्या चष्म्याच्या डबीत आहे," भिंगरी म्हणाली. या मुलीच्या पोटात काही राहत नाही.

मी डबी उघडली. त्यात चष्मा पुसायच्या कापडावर मगूचा छोटासा चेहरा होता, पुढच्या दाताच्या जागी खिडकी असलेला. मी तो कापला होता, पुठ्ठ्यावर चिकटवला होता, आणि मग हातात घेऊन बराच वेळ नुसतीच बसून राहिले होते.

"तुला कुठल्याच ढिगात टाकवेना गं मला," मी म्हणाले.

"मग?"

तिने डबीतून आपला फोटो उचलला.

"खेळात सगळे आहेत," मगू म्हणाली. "डॉक्टरकाकासुद्धा आहेत. मीच डबीत का?" आणि मग, डॉक्टर, वहिनी, सगळ्यांसमोर, तिचा आवाज जरा चढला. "आणि टक पण नाही करत तुम्ही मला! सगळ्यांना करता. भिंगरीला तर किती करता! मी अस्वलाला पाण्यात न टाकताच कोरडं केलं, सगळे हसले, तरी तुम्ही वा म्हणालात. टक झालं की कळतं, तुम्ही ऐकताय. वा म्हटल्यावर मला काय कळणार?"

तिने तो फोटो पुन्हा डबीत ठेवला. आपटून नाही, हळूच, आणि डबी मिटली. "वाचनदिनाला मी नाही वाचणार," एवढं म्हणून ती जिना उतरून गेली. भिंगरी तिच्यामागे धावली. डॉक्टर शिडी न घेताच गेले.

मी पत्ते गोळा करायला लागले.

"एवढी जपून वागतेय तिच्याशी," मी ह्यांना म्हणाले. "कल होऊ नये म्हणून किती जपतेय. आणि तिलाच लागलं."

"अगं, तुझी बोटं अडखळली, एवढंच त्या यंत्राने सांगितलं," हे म्हणाले. "अडखळलीच असतील. त्यावर वाद कशाला? पण अडखळल्यावर काय करायचं, ते तू शिकवतेस ना मुलांना?"

"मागे जायचं. पुन्हा बघायचं."

"मग?" हे म्हणाले. त्या घरात त्या दिवशी तो शब्द मला कुणीच सुखाने ऐकू देईना.

मगू दुसऱ्या दिवशी सतरंजीवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या घरी जावं तर आई बसवर, आणि मगू शाळेतून शेजाऱ्यांकडे. म्हणून मी बसथांब्यावर जाऊन उभी राहिले आणि तिच्या आईची बस आली तशी चढले. चालकाच्या मागची जागा पटकावली. बोलायला तोंड उघडलं, तर समोर पाटी, 'बस चालू असताना चालकाशी बोलू नये.' मी शाळेत पाटीवर जगलेली बाई. पाटी मोडणं माझ्याच्याने होत नाही. तेव्हा मी तोंड मिटून शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. भाजीवाली, शाळेची मुलं, एक कुत्रा, सगळे उतरले. शेवटच्या थांब्यावर बस थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा मी म्हणाले, "मी बाईआजी."

"माहितीय," ती हसून मागे वळली. "मघाच बघितलं मी आरशात. म्हटलं, या कुठे चालल्यात इतक्या लांब?" मग तिचं हसू जरा कमी झालं. "बाईआजी, माझी मुलगी काही वेडंवाकडं वागली का? तुम्ही नाराज आहात का तिच्यावर?"

"मी? ती माझ्यावर आहे."

"काही सांगत नाही. पण वाचणं चालू आहे हं घरी. स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीला वाचून दाखवते. आणि चुकली की आपणच ओट्यावर चमचा आपटते."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसत्या रिकाम्या बसगाड्या होत्या.

"तिला सांगाल का," मी म्हणाले, "की मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय?"

"एवढंच?"

"तिला कळेल."

परतताना त्याच बसने आले, पुन्हा गप्प.

इकडे वाचनदिन उद्यावर आला, आणि माझ्या डोक्यावर दुसरी टांगती तलवार होती, तो निकाल. 'मध्यम' घेऊन कार्यालय मला सतरंजीवर बसू देणार का? मी ग्रंथपालबाईसमोर छापलेले दोन्ही कागद ठेवले आणि म्हणाले, "जे काय असेल ते आत्ताच सांग. मुलांसमोर नको."

तिने निकालाचा कागद बघितला. "हे कशाला दिलंत? पहिलं पान हवंय फक्त. 'चाचणी दिली' असं लिहिलेलं."

"आणि निकाल?"

"निकाल तुमचा तुमच्यापाशी. तो कोणी मागत नाही. त्यावर पास-नापास नसतं, बाईआजी. दुसऱ्यांदा दिलीत तर कदाचित वेगळाही येईल."

"मग चाचणी द्यायची कशाला?"

"आपण विचार करावा म्हणून."

"ज्या चाचणीत विचार करायला बंदी, ती चाचणी विचार करावा म्हणून?"

"हो," ती म्हणाली आणि पहिल्या पानावर शिक्का मारला. मला त्या मुलीचा राग आला, आणि घरी जाईपर्यंत तिचं म्हणणं पटलंही. निकालाचा कागद मी फाडला नाही. चष्म्याच्या डबीतही ठेवला नाही. तिथे जागा नव्हती.

वाचनदिनाला खोली गच्च भरली होती. डॉक्टर आले होते, आईला घेऊन. वहिनी आल्या होत्या. मुख्य कार्यालयाचे एक साहेब पहिल्या रांगेत, पाठ ताठ करून. मुलं एकेक करून उभी राहत होती. टक, टक. आईवडील हसत होते. अस्वल घरातून निघालं, टेकडी उतरलं, आणि नदीचं पान आलं.

मगूची आई मागे दाराशी उभी होती, गणवेशातच. मगू सतरंजीवर होती, पण मान खाली. ग्रंथपालबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

मगू उठली.

तिने पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. अस्वल काठावर आलं. त्याला पाण्यात मासा दिसला. त्याने पंजा पुढे केला. बोट एकेका ओळीवरून असं नीट चाललं होतं की ओट्यावर किती चमचे वाजले असतील, ते मला ऐकू येत होतं. मग ते बोट थांबलं. मगूने मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्याकडे बघत बघत, अगदी हळू, तिने बोट उचललं आणि एक ओळ सोडून खाली ठेवलं.

"अस्वलाने अंग झटकलं," ती मोठ्याने म्हणाली, "आणि उन्हात वाळत बसलं."

तीही माझी परीक्षाच घेत होती. हिच्यात बटणं नव्हती. माझा हात वर गेला. समोर साहेब होते, दाराशी तिची आई होती, खोलीभर माणसं होती. हात क्षणभर हवेत थांबला. थांबला, हे खरं तेच सांगते. ते यंत्र असतं तर त्याने तेवढंही टिपलं असतं. मग मी पेन्सिल आपटली.

टक.

"अरेरे," डॉक्टर मागून म्हणाले. साहेबांनी भुवया उंचावल्या.

मगू हसली. अशी हसली की खिडकीच्या जागी उगवलेला नवा दात पूर्ण दिसला. बोट उचलून तिने वरच्या ओळीवर नेलं आणि वाचलं, "आणि अस्वल धपकन पाण्यात पडलं!" त्यातलं 'धपकन' एवढं जोरात होतं की पहिल्या रांगेतल्या साहेबांनी पाय मागे घेतले. मग अंग झटकणं, मग ऊन, मग वाळणं, सगळं आपापल्या जागी. दाराशी तिची आई दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

मगू खाली बसली नाही. ती माझ्यापाशी आली, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"पुढचं पान तुमचं," ती म्हणाली.

"अगं, रांगेत अजून मुलं आहेत."

"मग?"

मी चष्मा काढून पुसला. पण आतल्या बाजूने ओल आली असेल तर चष्मा पुसून काही उपयोग होत नाही. मी वाचायला लागले. अस्वल उठलं, त्याने घराची वाट धरली, आणि पुढच्याच वाक्यात ते पांघरूण घेऊन झोपलं. मला स्वतःलाच वाटलं, हे एवढ्यात घरी पोचलं कसं?

टक.

मगूचा हात एक क्षणही हवेत थांबला नव्हता. मी मागे गेले, पुन्हा बघितलं, पण ओळ काही सापडेना. तेव्हा तिने पेन्सिल कानामागे खोचली, खुर्चीच्या कडेला टेकली, आणि आपलं बोट माझ्या ओळीखाली धरून ठेवलं.